दोन मापे, एक चौकट

अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या किनाऱ्यालगत पामर द्वीपसमूह आहे. तिथल्या बिस्को, ड्रीम आणि टॉर्गरसन या बेटांवर २००७ ते २००९ या काळात क्रिस्टन गोर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेंग्विनांची मापे घेतली. चोचीची लांबी, चोचीची जाडी, पंखाची लांबी आणि वजन अशा नोंदी झाल्या. तक्त्यात ३४४ पक्षी आहेत आणि ते तीन जातींचे आहेत : अ‍ॅडेली १५२, जेंटू १२४ आणि चिनस्ट्रॅप ६८. संख्याशास्त्र शिकवणाऱ्यांचा हा आवडता तक्ता. आर या संगणकभाषेत तो आधी वेगळ्या पॅकेजमधून घ्यावा लागे. २०२५ मध्ये आलेल्या ४.५ आवृत्तीपासून तो भाषेसोबतच मिळतो.

आता प्रश्न असा : पक्षी न पाहता, केवळ चोचीच्या मापांवरून त्याची जात सांगता येईल का?

पहिला सरळ उपाय म्हणजे बॉक्सप्लॉट. प्रत्येक जातीसाठी एक चौकोन काढायचा. त्याच्या आत मधले निम्मे पक्षी, चौकोनातली आडवी रेघ म्हणजे मध्यक, आणि बाहेर निघालेल्या दोन मिशा म्हणजे उरलेला पसारा. चोचीच्या लांबीचा बॉक्सप्लॉट काढला की अ‍ॅडेली खाली एकटा पडतो; त्याची सरासरी ३८.८ मिलीमीटर आहे. चिनस्ट्रॅप (४८.८) आणि जेंटू (४७.५) मात्र शेजारी शेजारी, जवळपास एकाच उंचीवर. चोचीच्या जाडीचा बॉक्सप्लॉट काढावा, तर जेंटू १५.० मिलीमीटरवर वेगळा होतो, आणि अ‍ॅडेली (१८.३) व चिनस्ट्रॅप (१८.४) यांच्यात फरकच राहत नाही. दोन्ही आलेख खरे आहेत, पण दोन्हींत एकेक जोडी गुंतलेलीच राहते.

मग लांबी आडव्या अक्षावर आणि जाडी उभ्या अक्षावर घेऊन प्रत्येक पक्ष्याचा एक ठिपका मांडला, की गुंता सुटतो. तीन जातींचे तीन पुंजके वेगवेगळ्या कोपऱ्यांत दिसतात : अ‍ॅडेली डावीकडे वर, चिनस्ट्रॅप उजवीकडे वर, जेंटू उजवीकडे खाली. पुंजक्यांच्या कडा एकमेकांत थोड्या घुसतात, पण बहुतेक पक्ष्यांची जात नजरेनेच सांगता येते. नवे माप एकही घेतलेले नाही. तीच दोन मापे फक्त एकत्र पाहिली.

या प्रकरणाचा सगळा विषय एवढ्यात आला. एका मापाचे वितरण, म्हणजे सीमांत वितरण, आणि दोन मापांचे मिळून संयुक्त वितरण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. संयुक्त वितरण हाती असेल तर दोन्ही सीमांत वितरणे त्यातून काढता येतात. उलट्या दिशेने वाट नाही, कारण तीच दोन सीमांत वितरणे असलेली संयुक्त वितरणे कितीही असू शकतात. म्हणून गटांची तुलना एकेका मापाच्या आलेखांवरून केली की जोडीत असलेली माहिती हातातून निसटते.

एक रेष की तीन

ठिपके मांडले की पुढचा मोह त्यांतून रेष ओढण्याचा. सगळ्या पेंग्विनांना मिळून एकच रेष काढली तर ती उताराला लागते. सहसंबंध गुणांक उणे ०.२४ येतो, म्हणजे चोच जितकी लांब तितकी बारीक, असे वाटते. प्रत्येक जातीसाठी वेगळी रेष काढली की तिन्ही रेषा चढणीला लागतात. अ‍ॅडेलीत सहसंबंध ०.३९, जेंटूत ०.६४ आणि चिनस्ट्रॅपमध्ये ०.६५. प्रत्येक जातीत लांब चोचीचा पक्षी जाड चोचीचाही असतो. जेंटूची चोच लांब आणि बारीक असते; त्या जातीचा पुंजका खाली उजवीकडे बसल्यामुळे एकत्रित रेष खाली ओढली जाते.

या उलटापालटीला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात. एडवर्ड सिम्प्सन यांनी १९५१ मध्ये त्यावर लिहिले आणि १९७२ मध्ये कॉलिन ब्लाइथ यांनी त्यांचे नाव त्याला दिले. आरमधल्या जीजीप्लॉट-२ या पॅकेजमध्ये हा विरोधाभास एका छोट्या निर्णयावर येऊन टेकतो. जात आणि रंग यांची सांगड मूळ चौकटीतच घातली, तर नंतर येणारी रेषही जातवार फुटते आणि तीन रेषा मिळतात. तीच सांगड फक्त ठिपक्यांच्या थराला घातली, तर ठिपके तीन रंगांचे होतात पण रेष एकच राहते, तीही उलट्या दिशेची. आज्ञेतला एक शब्द दोन कंसांपैकी कुठल्या कंसात बसला, यावर निष्कर्षाचे चिन्ह बदलते.

लंबवर्तुळाचे वचन

ठिपक्यांच्या पुंजक्याला कुंपण घालायची कल्पना संगणकाहून बरीच जुनी आहे. १८८६ मध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी २०५ आईवडिलांच्या जोड्या आणि त्यांची ९२८ प्रौढ मुले यांच्या उंचीचा तक्ता मांडला. तक्त्यातल्या सारख्या संख्यांच्या जागा जोडत गेल्यावर एकाच केंद्राभोवतीची लंबवर्तुळे त्यांना दिसू लागली. त्यामागचे गणित केंब्रिजच्या हॅमिल्टन डिक्सन यांनी सोडवून दिले. द्विचल प्रसामान्य वितरणाचे चित्र लंबवर्तुळाकार का असते, हे त्यातून पुढे आले.

या लंबवर्तुळाला अंतर मोजण्याची पट्टी बनवले प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी. कोलकात्यात माणसांच्या शरीरमापांची गटवार तुलना करताना त्यांना जी अडचण आली, तिचे उत्तर १९३६ च्या त्यांच्या निबंधात आहे. जगभर ते महालनोबिस अंतर म्हणून ओळखले जाते. चिनस्ट्रॅपच्या पुंजक्यावर ते असे चालते. एका पक्ष्याची चोच सरासरीपेक्षा ३.३ मिलीमीटर लांब आणि १.१ मिलीमीटर जाड आहे. दुसऱ्याची तेवढीच लांब, पण १.१ मिलीमीटर बारीक. साध्या फूटपट्टीने दोघेही केंद्रापासून सारख्याच अंतरावर. या जातीत मात्र लांबी आणि जाडी सोबत वाढतात, त्यामुळे पहिला पक्षी अगदी सामान्य ठरतो आणि दुसरा वेगळा उठून दिसतो. महालनोबिस पट्टीने पहिल्याचे अंतर सुमारे १.१ भरते आणि दुसऱ्याचे सुमारे २.४, म्हणजे दुपटीहून जास्त.

जीजीप्लॉट-२ मध्ये प्रत्येक गटाभोवती असे लंबवर्तुळ एका ओळीत काढता येते. तीन गट तुलनेला ठेवले की केंद्रे किती दूर आहेत, पसारा कुणाचा मोठा आहे आणि कल कुणाचा कुठे आहे, या तिन्ही गोष्टी एकदम कळतात. पण प्रसामान्य वितरण धरून काढलेल्या लंबवर्तुळाला पाचच आकडे लागतात : दोन सरासऱ्या, दोन प्रमाण विचलने आणि एक सहसंबंध. पुंजक्याचा खरा आकार त्याला ठाऊक नसतो.

त्याचा धडा फ्रान्सिस अ‍ॅन्स्कम यांनी १९७३ मध्ये घालून दिला. त्यांनी अकरा-अकरा ठिपक्यांचे चार संच रचले. चारही संचांत आडव्या मापाची सरासरी ९, उभ्याची ७.५, सहसंबंध ०.८२ आणि रेषेचे समीकरणही जवळजवळ तेच. आलेख काढले तर पहिल्यात साधा विखुरलेला पुंजका दिसतो, दुसऱ्यात गुळगुळीत वक्र, तिसऱ्यात सरळ रेष आणि तिच्याबाहेर पडलेला एक ठिपका. चौथ्यात एक ठिपका सोडून बाकी सगळे एकाच उभ्या रेघेत. चारही संच आरमध्ये अ‍ॅन्स्कमच्याच नावाने तयार मिळतात. त्यांना प्रसामान्य लंबवर्तुळे घालून पाहिली तर चारही कुंपणे सारखीच येतात. २०१७ मध्ये जस्टिन मॅटेका आणि जॉर्ज फिट्झमॉरिस यांनी हाच खेळ आणखी पुढे नेला. अल्बर्टो कायरो यांनी काढलेला १४२ ठिपक्यांचा डायनोसॉर घेऊन त्यांनी तेच पाच आकडे राखत तारा, वर्तुळ, फुली असे आणखी बारा संच बनवले. म्हणून लंबवर्तुळ काढावे, पण आतले ठिपके पुसू नयेत.

टेकड्या आणि खिंडी

आकार आधीच ठरवून न टाकता कुंपण घालायचे असेल, तर घनतेच्या समोच्च रेषा कामी येतात. सह्याद्रीत भटकणाऱ्याला कंटूर नकाशा वाचायची सवय असते : रेषा दाट तिथे चढ खडा, बंद वर्तुळाच्या आत माथा, दोन माथ्यांच्या मधे खिंड. ठिपक्यांची घनता हीच उंची मानली की हा नकाशा तसाच वाचता येतो.

आरमध्ये पहिल्यापासून असलेला ओल्ड फेथफुल या गिझरचा तक्ता यासाठी नामी आहे. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानातल्या या उष्ण फवाऱ्याच्या २७२ उद्रेकांची त्यात नोंद आहे. प्रत्येक उद्रेक किती मिनिटे चालला आणि पुढच्या उद्रेकासाठी किती मिनिटे थांबावे लागले, अशी दोन मापे आहेत. सहसंबंध ०.९०, म्हणजे लंबवर्तुळ एकच, लांबट आणि झोकदार. समोच्च रेषा काढल्या की दोन टेकड्या दिसतात. एक दोन मिनिटांच्या उद्रेकाची आणि पंचावन्न मिनिटांच्या आसपास थांबण्याची. दुसरी साडेचार मिनिटांच्या जवळपासच्या उद्रेकाची आणि ऐंशी मिनिटे थांबण्याची. मधल्या खिंडीत फार थोडे उद्रेक आहेत. लंबवर्तुळाने त्या ओसाड जागेलाच केंद्र ठरवले असते. ०.९० हा मोठा आकडाही बराचसा दोन टेकड्यांमधल्या अंतराने दिलेला आहे. एकेका टेकडीच्या आत पाहिले तर संबंध बराच सैल होतो.

समोच्च रेषांची नाडी म्हणजे गुळगुळीतपणाची रुंदी. ती फार वाढवली तर दोन टेकड्या विरघळून एक होतात, फार घटवली तर प्रत्येक ठिपक्याची वेगळी टेकडी उभी राहते. आर स्वतःहून जी रुंदी निवडते ती एक-टेकडी वितरणाला सोयीची असते, त्यामुळे जोड-टेकड्यांना ती जरा जास्तच घोटून काढते. रुंदी अर्धी आणि दुप्पट करून दोन्ही चित्रे पाहावीत. दोन्हींत टिकते ते खरे धरावे.

गटांची तुलना करताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. घनता प्रत्येक गटाची वेगळी मोजली जाते आणि प्रत्येकीखालचे एकूण आकारमान एक असते. म्हणून ६८ चिनस्ट्रॅप आणि १५२ अ‍ॅडेली नकाशावर तुल्यबळ दिसतात. नकाशा सांगतो की गट कुठे राहतो. तो किती मोठा आहे हे सांगत नाही. रेषाही उंचीच्या आकड्यांनी काढण्यापेक्षा टक्क्यांनी काढणे बरे : आतल्या रेषेत गटाचे ५० टक्के पक्षी, बाहेरच्या रेषेत ९० टक्के. रॉब हिंडमन यांनी १९९६ मध्ये ही पद्धत नीट मांडली. मग दोन गटांच्या रेषांचा अर्थ एकच राहतो आणि त्यांची तुलना करता येते.

ठिपक्यांची गर्दी

पेंग्विन ३४४ होते म्हणून ठिपके वेगळे दिसले. जीजीप्लॉट-२ सोबत येणाऱ्या हिऱ्यांच्या तक्त्यात ५३,९४० हिरे आहेत. कॅरट आडव्या अक्षावर आणि किंमत उभ्या अक्षावर मांडली की मधे काळा डाग उरतो. एका ठिपक्याखाली दोन दडले आहेत की दोनशे, ते कळत नाही. ठिपके पारदर्शक केले तर थोडे निभावते. त्याहून चांगला उपाय षटकोनी खणांचा. डॅनियल कार आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये तो सुचवला. पृष्ठभाग षटकोनांनी भरायचा, प्रत्येक खणात किती हिरे पडले ते मोजायचे आणि त्या संख्येप्रमाणे रंग गडद करायचा.

हिऱ्यांना पैलू पाडण्याच्या दर्जानुसार गट केले की बॉक्सप्लॉट चक्रावून टाकतो. सर्वात खालच्या, फेअर दर्जाच्या हिऱ्यांची मध्यक किंमत ३,२८२ डॉलर आहे आणि सर्वोत्तम, आयडियल दर्जाची फक्त १,८१०. घडण वाईट आणि भाव चढा? षटकोनी आलेख दर्जावार शेजारी ठेवला की उलगडा होतो. फेअर दर्जाचे हिरे मोठे आहेत. त्यांचे मध्यक वजन १ कॅरट आहे, आयडियलचे ०.५४. सारख्या वजनाचे हिरे पाहिले तर आयडियलच महाग. दोन्ही अक्ष लॉगरिदमी केले की पुंजका जवळजवळ सरळ पट्ट्यासारखा होतो आणि हा फरक आणखी स्पष्ट दिसतो. खण पुरेसे बारीक ठेवले तर आणखी एक गोष्ट वर येते : १, १.५ आणि २ कॅरटवर हिऱ्यांचे उभे थर साचलेले आहेत आणि त्यांच्या किंचित आधीची जागा विरळ आहे.

इथे एक तारतम्य हवे. आयडियल हिरे २१,५५१ आहेत, फेअर फक्त १,६१०. रंग मोजणीवर ठेवला तर फेअरची चौकट फिकटच दिसणार. गटांचे आकार इतके विषम असतील तेव्हा रंग संख्येऐवजी त्या गटातल्या वाट्यावर ठेवावा.

कोसंबींची नाणी

दोन मापांपैकी एक माप मोजक्याच किमती घेत असेल, तर आलेखाची रीत बदलते. याचे आपल्या जवळचे उदाहरण दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या कामात आहे. गोव्यात जन्मलेले हे गणिती पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत असताना आहत नाण्यांकडे, म्हणजे ठसे मारलेल्या प्राचीन नाण्यांकडे वळले. तक्षशिलेत सापडलेल्या साठ्यांतली चांदीची नाणी त्यांनी वजन करून तपासली. त्यांचा मुद्दा असा होता की नाणे हातोहात फिरताना झिजते, आणि चलनात असताना त्याच्या मागच्या बाजूला बारीक शिक्के उमटवले जातात. म्हणजे शिक्के जितके जास्त तितके नाणे जुने आणि हलके. आकड्यांनी त्यांना दुजोरा दिला. शिक्क्यांची संख्या वाढते तसे सरासरी वजन घटते. शिवाय सगळी नाणी सारखी झिजत नाहीत, त्यामुळे वापर वाढला की वजनांचा पसाराही रुंदावतो.

असा तक्ता आज आरमध्ये मांडायचा तर आडव्या अक्षावर शिक्के ०, १, २, ३ असे येणार आणि ठिपके उभ्या रेघांत एकावर एक बसणार. ते थोडे विस्कटावे लागतात. त्याला जिटर म्हणतात. विस्कटायचे ते फक्त आडवे. वजनाच्या दिशेने ठिपका हलवला की मोजलेला आकडाच बदलला. प्रत्येक रेघेवर व्हायोलिन आलेख, म्हणजे घनतेची उभी आकृती ठेवली तर वजन घसरताना आणि आकृती उभी लांबत जाताना एकाच नजरेत दिसते. निव्वळ सरासऱ्यांची रेष काढली असती तर झिजेची अर्धीच गोष्ट कळली असती.

एकत्र की शेजारी

गट तीन-चार असतील तर एकाच चौकटीत रंगांनी वेगळे करावेत. ते आठ-दहा झाले की प्रत्येकाला स्वतंत्र चौकट द्यावी. ही शेजारी-चौकटींची रीत बेल लॅब्जमध्ये विल्यम क्लीव्हलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली. आरमध्ये ती आणणारे लॅटिस हे पॅकेज दीपायन सरकार यांचे. ते दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत शिकवतात.

शेजारी-चौकटींत सर्वात घातक सोय म्हणजे प्रत्येक चौकटीला स्वतःची मोजपट्टी देणे. तिन्ही पेंग्विन जातींना तशी मोकळीक दिली तर तिन्ही पुंजके आपापल्या चौकटीच्या मधोमध, सारख्याच आकाराचे दिसतात आणि जातींमधला फरक कागदावरून नाहीसा होतो. तुलना करायची तर अक्ष सर्वांना एकच हवेत. प्रत्येक चौकटीत मागे सगळ्या गटांचे ठिपके फिकट राखाडी रंगात ठेवून पुढे त्या गटाचे रंगीत ठिपके काढले, तर चौकट वेगळी असूनही तुलना सुटत नाही.

एकाच चौकटीत रंग वापरताना शेवटी काढलेला गट आधीच्यांना झाकतो, म्हणून काढण्यापूर्वी ओळींचा क्रम विस्कळीत करून घ्यावा. लाल-हिरवा फरक न दिसणारे वाचक असतात, म्हणून रंगासोबत ठिपक्याचा आकारही बदलावा.

ओळख परेड

आलेखात फरक दिसला म्हणजे तो आहेच असे नाही. डोळा ढगांतही चेहरे शोधतो. अ‍ॅडेली पेंग्विन तिन्ही बेटांवर राहतात : बिस्कोवर ४४, ड्रीमवर ५६ आणि टॉर्गरसनवर ५२. त्यांच्या चोचींचा आलेख बेटवार रंगवला की कुणाला एका बेटाचे ठिपके जरा वर वाटतात, कुणाला दुसऱ्याचे जरा जास्त पसरलेले. प्रत्यक्षात चोचीची सरासरी लांबी तिन्ही बेटांवर साडेअडतीस ते एकोणचाळीस मिलीमीटरच्या दरम्यान आहे. या वाटण्याची परीक्षा कशी घ्यायची?

आंद्रेयास बूया, डायन कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये यासाठी पोलिसांच्या ओळख परेडीची रीत सुचवली. बेटांची नावे पक्ष्यांमध्ये संगणकाकडून यादृच्छिक वाटून घ्यायची, म्हणजे बेट आणि चोच यांचा संबंध मुद्दाम तोडायचा. असे एकोणीस बनावट आलेख तयार करून त्यांत खरा आलेख कुठेतरी मिसळायचा. मग हे वीस आलेख अशा माणसाला दाखवायचे की ज्याने खरा आलेख कधी पाहिलेला नाही, आणि त्याला सर्वात वेगळा दिसणारा निवडायला सांगायचे. खऱ्यात काहीच विशेष नसेल तर तो योगायोगाने निवडला जाण्याची शक्यता वीसात एक, म्हणजे ०.०५. संख्याशास्त्रात वर्षानुवर्षे वापरली जाणारी उंबरठ्याची रेघ नेमकी हीच. आरमध्ये नलाबोर या पॅकेजने ही परेड भरवता येते.

जातवार रंगवलेला पेंग्विनांचा आलेख या रांगेत उभा केला तर तो क्षणात ओळखला जाईल. बनावट आलेखांत तीन रंग एकमेकांत पूर्ण मिसळलेले असतात. बेटवार आलेखाची गोष्ट वेगळी आहे. तिथे परेड भरवल्याशिवाय कुठल्याही फरकाबद्दल बोलू नये, आणि आलेख ज्याने काढला त्याने स्वतः पंच होऊ नये. नजरेने केलेली तुलना कच्ची असते हा जुना समज आहे. मोजपट्टी एक ठेवली, ठिपके लपवले नाहीत आणि निवाडा त्रयस्थाकडे दिला, तर नजरेची साक्षही आकड्याच्या साक्षीइतकीच तपासता येते.